दप्तर, दऱ्या आणि दर्या

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी सातारा आणि कोरेगाव ही स्थानके मागे टाकून रहिमतपुरास येते. रणदुल्लाखानाची कबर आणि मशीद यांमुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यास, आणि वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यास हे गाव ऐकून ठाऊक असते. आम्ही काही शिक्षक-मित्र तेथे गेलो ते मात्र यांपैकी कशासाठीही नव्हे. एका जुन्या घरातील कागद पाहावयास यावे, असे घरच्यांनी कळवले होते.

कागद दोन प्रकारचे निघाले. पहिला प्रकार म्हणजे माळ्यावरच्या पेटीतला मोडी कागदांचा रुमाल. कापडात बांधलेला, कडा कुरतडलेल्या, पण शाई बहुतेक ठिकाणी शाबूत. दुसरा प्रकार म्हणजे घरातील दिवंगत आजोबांनी निवृत्तीनंतर संगणकावर उतरवून ठेवलेला त्याच कागदांचा सारांश. तो एका चकतीत होता. चकती उघडली, फाइलही उघडली. पण पडद्यावर कंस, टक्केवारीच्या खुणा आणि अर्थहीन अक्षरांच्या रांगा यांखेरीज काही दिसेना. ज्या फाँटात आजोबांनी मजकूर लिहिला होता तो आता त्या घरात कोणाच्याच संगणकावर नव्हता. दोनशे वर्षांचा कागद टिकला होता, पण घरात तो वाचणारा कोणी उरला नव्हता. आणि जे वाचता यावे म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी लिहिले, ते तर मोडीहूनही दुर्बोध झाले होते.

घरातील नातू संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा. त्याने विचारले, "सर, हे सगळं एकदाच नव्या पद्धतीनं करून टाकलं, तर कायमचं सुटेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही. परतीच्या वाटेवर आणि नंतरही त्यावर जो विचार झाला तो येथे मांडत आहोत. साठवलेल्या गोष्टीत सुधारणा करावी की ती जशी आहे तशी राहू द्यावी, हा वाद संगणकवाल्यांमध्ये रोजचा आहे. मराठीतही तो जुनाच आहे; फक्त आपण त्यास दप्तराचा, लिपीचा किंवा शुद्धलेखनाचा वाद म्हणतो.

*

संगणकातील ज्या व्यवस्थेस 'फाइल सिस्टिम' म्हणतात तिला मराठीत दप्तर म्हटले तर फारसे चुकणार नाही. कोणता कागद कोठे ठेवला आहे, त्याचे नाव काय, तो केव्हा बदलला, याची नोंद ठेवणारी ती व्यवस्था. कागद शाबूत असून नोंद हरवली तर कागद हरवल्यासारखाच.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याचे दोन मुख्य भाग होते. चालते दप्तर हे फडणिसांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, चालू व्यवहाराचे. आणि एकबेरीज दप्तर हे कायम पुण्यास राहणारे. तेथे सर्व ठिकाणचे हिशेब येत आणि त्यांचे तर्जुमे व खतावण्या तयार होत. रोज जे घडेल ते आधी रोजकीर्दीत चढावयाचे, मग सावकाश आपापल्या सदराखाली खतवायचे. धांदल असेल तेथे धांदल चालू द्यावी, पण तिचा धक्का स्थिर दप्तरास लागू देऊ नये, असा या विभागणीचा अर्थ आम्ही घेतो. खतावणीत चूक झाली, एखादे पान गहाळ झाले, तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा उभे करता येते. न्यायमूर्ती रानड्यांनी ज्यांचे महत्त्व विवरून सांगितले आणि गणेश चिमणाजी वाड यांनी ज्यांतून निवडक उतारे काढले त्या पेशव्यांच्या रोजनिशा म्हणजे याच शिस्तीचे फळ. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली. ती कागदाच्या दोषामुळे नव्हे, तर ही रोजची शिस्त ढिली पडल्यामुळे.

लिनक्स नावाच्या, जगभरच्या स्वयंसेवकांनी आणि कंपन्यांनी मिळून वाढवलेल्या प्रणालीत २००१ साली 'एक्स्ट ३' ही फाइल सिस्टिम दाखल झाली. तिची मुख्य नवलाई म्हणजे नेमकी ही रोजकीर्द. होणारा बदल आधी एका नोंदवहीत लिहायचा आणि मगच मूळ जागी चढवायचा. मध्येच वीज गेली तर नोंदवही वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे करता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आधीच्या 'एक्स्ट २' मधील साठा हलवावा लागत नव्हता. जुन्या दप्तराशेजारी एक रोजकीर्द ठेवायची, इतकेच. नीट बंद केलेला साठा पुन्हा जुन्या पद्धतीनेही उघडता येई. परतीची वाट खुली ठेवून केलेली ही सुधारणा होती, आणि म्हणूनच ती फारशा कुरकुरीशिवाय स्वीकारली गेली.

पुढची पायरी इतकी सुखाची झाली नाही. 'एक्स्ट ४' ही २००८ च्या अखेरीस वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. तिच्यात वेग वाढवण्यासाठी मजकूर चकतीवर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम शक्य तितके लांबवण्याची युक्ती होती. जुन्या व्यवस्थेत मजकूर साधारण पाच सेकंदांत चकतीवर पोचत असे. नवीत अर्धा मिनिट किंवा अधिकही लागू शके. २००९ च्या आरंभी तक्रारी आल्या: संगणक अचानक बंद पडला आणि परत चालू केला तेव्हा फाइली होत्या, नावे होती, आत मात्र काहीच नव्हते. पाकीट शाबूत आणि पत्र गायब.

चूक कोणाची? फाइल सिस्टिमचे प्रमुख रचनाकार थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की, मजकूर तत्काळ चकतीवर जावा असे ज्या प्रोग्रामला वाटते त्याने तसे स्पष्ट मागितले पाहिजे. प्रमाणग्रंथांत तसेच आहे. नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण जुन्या व्यवस्थेने वर्षानुवर्षे न मागता जे दिले, त्याची लोकांस सवय झाली होती आणि असंख्य प्रोग्राम त्या सवयीवर उभे होते. अखेर त्सो यांनीच, आपले तत्त्व न सोडता, जुन्या सवयीस सांभाळून घेणारे बदल केले. लिखित नियम आणि रूढी यांच्या भांडणात नियम जिंकला असता तर नुकसान सामान्य माणसाचे झाले असते, हे त्यांनी ओळखले.

*

या वादाचे अगदी अलीकडचे रूप 'बीकॅशएफएस' या फाइल सिस्टिमच्या कथेत दिसते. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी अनेक वर्षे खपून ती रचली, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ६.७ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. लिनक्सचा शिरस्ता असा की, प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी सुमारे दोन आठवडे नव्या गोष्टी स्वीकारायच्या. त्यानंतरचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या. ओव्हरस्ट्रीट दुरुस्तीच्या काळातही मोठे बदल पाठवीत राहिले. २०२५ च्या जूनमध्ये वाद विकोपास गेला तो एका अशा सोयीवरून, जिच्यायोगे रोजकीर्द मागे फिरवून गमावलेला मजकूर परत मिळवता यावा.

येथे दोन्ही बाजू ऐकून घेण्यासारख्या आहेत. ज्याचा मजकूर आज गेला आहे त्याला दोन महिन्यांनी मिळणाऱ्या औषधाचा काय उपयोग, हे ओव्हरस्ट्रीट यांचे म्हणणे. माणसांच्या आयुष्यभराच्या कागदांशी संबंध असलेल्या ठिकाणी घाईने घातलेले औषधच विष होऊ शकते, म्हणून तर वेळापत्रक, हे लायनस टोरवाल्ड्स यांच्या बाजूचे म्हणणे. ती सोय त्या वेळी स्वीकारली गेली, परंतु संबंध तुटले. आणि त्याच वर्षी पुढे ती संपूर्ण फाइल सिस्टिम लिनक्सच्या मुख्य संहितेतून बाहेर काढण्यात आली. ती आता स्वतंत्रपणे चालते. वेळापत्रकाचा आग्रह आम्हांस पटतो. पण त्या आग्रहाची किंमत कोणी दिली, हेही विसरता येत नाही. मुख्य संहितेवर विसंबून ज्यांनी आपला साठा त्या व्यवस्थेत ठेवला होता, ते या भांडणात कोणत्याच बाजूस नव्हते.

*

वाचकांपैकी काहींना वाटेल की हे सारे दूरचे आहे. मराठीच्या विद्यार्थ्यास त्याचे काय? त्यासाठी एक लहान गोष्ट सांगतो.

मराठीत 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात डोंगरामधली खोली आहे, दुसऱ्यात समुद्र. लेखनात त्यांचा भेद केवळ 'र'च्या रूपाने कळतो. संगणकावर 'दऱ्या'मधला तो अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी वेगळे अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. ती खूण डोळ्यांना दिसत नाही; केवळ आधीचे अक्षर कसे दिसावे ते सांगते.

काही फाइल सिस्टिमींत, विशेषतः अनेक मोबाइल फोनांतल्या साठ्यात, फाइलींची नावे जुळवताना लहान-मोठ्या लिपीचा भेद सोडून देण्याची सोय आहे. ही सोय लिनक्समध्ये आली तेव्हा नावे जुळवताना अशा अदृश्य खुणाही वगळाव्यात, असे ठरले होते. रोमन लिपीत त्याने फारसे बिघडत नाही. पण मराठीत? खूण वगळली की 'दऱ्या' आणि 'दर्या' हे एकच नाव ठरते. समुद्राने दरी गिळली म्हणायची.

२०२४ साली ही चूक ध्यानात घेऊन नियम बदलण्यात आला: अदृश्य खुणाही नावाचाच भाग मानाव्यात. बदल योग्य होता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोरवाल्ड्स यांनी तो मागे घेतला. कारण असे की, जुन्या नियमानुसार काढलेले नावांचे संक्षिप्त अंक चकत्यांवर आधीच लिहिले गेले होते. नवा नियम त्या अंकांशी जुळेना, आणि नावात अदृश्य खूण असलेली फाइल यादीत दिसे पण उघडू जाता सापडत नसे. हे प्रथम लक्षात आले ते चित्रखुणा असलेल्या नावांमुळे. परंतु जोडखूण घालून लिहिलेल्या मराठी नावाचेही तेच झाले असते. जुना नियम चुकीचाच होता, हे मान्य करून तो परत आणावा लागला.

पाठ चुकीचा आहे हे ठाऊक असूनही तो तसाच छापणे, कारण त्या चुकीवर पुढच्या टीकाकारांचे संदर्भ उभे आहेत: पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित वाटणार नाही.

*

आता आपल्या घरात पाहू. साठवलेल्या मराठीवर आजवर अनेक सुधारणा झाल्या आणि प्रत्येकीने जुन्या मजकुराशी वेगळा करार केला.

मोडी ही बोरू न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मोडीचेही खिळे पाडले होते, कॅरीचा १८१० चा मराठी कोश त्यांतच छापला. पण पुढे छपाईचा कल बालबोधीकडे झुकला. १९१७ साली मुंबई सरकारने सरकारी कामकाजातून मोडी हटवण्याचा निर्णय केला. व्यवहारात ती आणखी काही दशके रेंगाळली. या निर्णयाने जुन्या कागदांवर काहीच केले नाही. त्यांना कोणी हात लावला नाही, फक्त त्यांचे वाचक घडवणे थांबले. आज रहिमतपूरच्या त्या रुमालासमोर आम्ही अडाण्यासारखे बसलो, त्याचे मूळ येथे आहे.

तरीही या निर्णयास सरसकट दोष देणे आम्हांस जमत नाही. दप्तराची स्थिरता ही पुष्कळदा दप्तर ज्याच्या हाती आहे त्याची सोय असते. याच जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या पूर्वजांचे गाव, त्या जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्याची लेखणी शेतकऱ्यास कशी नागवते हे पोटतिडकीने लिहिले. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने जुनी लिपी हा वारसा नसतो. ती कुलूप असते. शाळेत, छापील पुस्तकात आणि सरकारी कागदात एकच लिपी असण्याने ते कुलूप थोडे तरी सैल झाले.

दुसरा करार लिपिसुधारकांचा. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. 'अितिहास', 'अुद्या' अशी रूपे काही काळ छापलीही गेली. हेतू खिळ्यांची संख्या कमी करण्याचा, म्हणजे यंत्राच्या सोयीचा होता. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले आणि चारच वर्षांत ते मागे घ्यावे लागले. यंत्रे पुढे इतकी बदलली की ती अडचणच उरली नाही. परंतु त्या काळातील पुस्तके तशीच राहिली, आणि आज ग्रंथालयाच्या संगणकावर 'इतिहास' असा शोध घेणाऱ्यास 'अितिहास' भेटत नाही.

तिसरा करार सर्वांत मनोरंजक, आणि आपल्या वर्गाशी सर्वांत निकटचा. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने पुढील वर्षी लेखनविषयक नियम ठरवले. त्यांत १९७२ मध्ये भर पडली. गावाच्या नावाअखेरचा 'पूर' दीर्घ लिहावा, हा त्यांतलाच नियम. म्हणजे जुन्या छापील कागदांत 'रहिमतपुर' आढळले आणि नव्यात 'रहिमतपूर', तर ते एकच गाव आहे हे माणसास कळते, यंत्रास सांगावे लागते. पण आमचे लक्ष दुसऱ्या नियमाकडे आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणे छापावेत, त्यानंतरचे नव्या नियमांनुसार, असे महामंडळाने ठरवले. जुन्या साठ्याचे काय करायचे, याचा विचार या सुधारणेने केला होता, हे तिचे श्रेय. पण रेषा ओढली की तिच्या अलीकडचे मूळ रूप वाहून जाते. हरिभाऊ आपट्यांची वाक्ये पाठ्यपुस्तकात अनुस्वार गाळून येतात आणि त्यांनी तसेच लिहिले, असा विद्यार्थ्याचा समज होतो. फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ चे, निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली, आणि 'शेतकऱ्याचा असूड' त्यानंतरचा. निबंधमालेचे वर्ष सीमारेषा धरले तर एकाच लेखकाचे एक पुस्तक मुळाप्रमाणे आणि दुसरे सुधारून छापावे लागेल. फुल्यांच्या लेखनातील प्रमाणाबाहेरची रूपे हा तर त्यांच्या म्हणण्याचाच भाग. ती 'शुद्ध' करणे म्हणजे वाक्य ठेवून आवाज काढून घेणे होय.

चौथा करार युनिकोडचा, आणि त्याने हा धडा किंमत देऊन घेतला. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरे एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवण्यात आली, तेव्हा आधी लिहिलेला कोरियन मजकूर निरर्थक झाला. त्यानंतर नियम झाला तो असा की, एकदा जागा दिलेले अक्षर हलवायचे नाही, काढायचे नाही. नाव चुकले असले तरी बदलायचे नाही. नवे हवे तर शेजारी भर घालावी. २०१४ मध्ये मोडी लिपीस युनिकोडमध्ये जागा मिळाली ती अशीच, देवनागरीस धक्का न लावता. या हट्टाचा तोटा आहेच; 'ऱ्य' लिहिण्याचे दोन मार्ग आता कायमचे आपल्या गळ्यात पडले आहेत. परंतु आजोबांच्या चकतीचे जे झाले ते पुढच्या पिढीच्या मजकुराचे होण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

*

येथे आमचा स्वतःचा गुन्हाही कबूल केला पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडील जुन्या लेखांचा संग्रह आम्ही एका परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणला. पहिली दहा पाने तपासली, बरी वाटली, आणि जागा मोकळी करावी म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या. काही महिन्यांनी लक्षात आले की त्या यंत्राने 'ऱ्य' सर्वत्र 'र्य' करून टाकला आहे. 'शेतकऱ्या'चा 'शेतकर्या' झाला तर वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. पण प्रवासवर्णनातील एका वाक्यात लेखकाने समुद्र पाहिला होता की दऱ्या, हे आता कोणासही सांगता येणार नाही. लेखक हयात नाहीत. नवी पद्धत वापरली ही आमची चूक नव्हती. परतीची वाट आपल्या हाताने बुजवली, ही होती.

म्हणून रहिमतपूरच्या त्या तरुणास आम्ही नंतर जे कळवले ते असे. रुमाल सोडून कागदांची छायाचित्रे घ्यावीत आणि रुमाल पुन्हा तसाच बांधून ठेवावा. छायाचित्र झाले म्हणून कागद टाकू नये. आजोबांच्या फाइली आहेत त्या रूपात दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुना फाँट मिळवून त्यांचा छापील उतारा आधी काढावा, परिवर्तन मागाहून करावे, आणि परिवर्तित प्रत छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहावी. साठवण्यासाठी नवलाईची व्यवस्था निवडू नये. जी पुष्कळ लोक पुष्कळ वर्षे वापरत आले आहेत ती पुरे. आणि काय केले, कोणत्या दिवशी, कशाने, याची एक साधी वही ठेवावी.

त्याचे उत्तर आले. वही सुरू केली आहे, असे त्याने लिहिले होते. छापील उतारा ताडताना पहिल्याच पानावर गावाच्या नावापाशी तो अडला. आजोबांनी सगळीकडे 'रहिमतपुर' लिहिले होते, ऱ्हस्व. ते दुरुस्त करू का, असे त्याने विचारले होते.

आम्ही कळवले, करू नये. वहीत मात्र लिहून ठेवावे.